दावी सोडल्यावर

निफाडजवळच्या एका लग्नाला जाऊन आल्यापासून अण्णांच्या डोक्यात ते आलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. लग्नघराच्या मागे कुणाचा तरी नवा गोठा होता. जेवणं उरकल्यावर चार म्हातारी माणसं सहज तो बघायला गेली. घरी परतल्यावर अण्णांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि चहाची वाट न बघताच बोलायला लागले.

"तिथं एकाबी गाईच्या गळ्यात दावं नाय. मोकळ्या फिरत्यात. वाटंल तवा खात्यात, वाटंल तवा पाणी पित्यात, पार मजेत बसल्यात."

माझा नवरा मोबाईलमधून मान न काढता म्हणाला, "मुक्त गोठा म्हणतात त्याला."

"मंग आपण का बांधून ठिवल्यात?"

नवऱ्याने खांदे उडवले. आमच्याकडे तेव्हा अकरा गाई होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये दोन रांगा, प्रत्येकीचा खुंटा ठरलेला, आणि खाली बसता येईल, मान वळवता येईल एवढं दावं. अण्णांच्या वडिलांपासून हे असंच चालत आलं होतं. आपण काही वाईट करतोय असं कुणालाच कधी वाटलं नव्हतं. अण्णांना मात्र ते आता वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी मी दुधाच्या कॅन घासत होते, तर ते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "पोरी, जल्मभर बांधून ठिवलं मी त्यांना. त्या काय बोलणार?"

नवरा आधी तयार नव्हता. पण त्याच वर्षी आम्ही जुनी द्राक्षबाग काढली होती आणि बागेचे लोखंडी अँगल आणि तारा बांधावर पडून होत्या. अण्णांनी तेच सामान वापरायचं ठरवलं. त्यांनी स्वतः उभं राहून शेडच्या पुढची मोकळी जागा आखली, वर आडवे पाइप लावून कुंपण करून घेतलं, पाण्याची टाकी बांधली. अंग घासायला एका खांबाला जाड ब्रश बसवला. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना इतकं हौसेने काही करताना पाहिलं नव्हतं.

सासूबाईंचं नाव निघालं की तांबडीबद्दल सांगावंच लागतं. तांबडी जन्मली आणि त्याच दिवशी तिची आई गेली. सासूबाईंनी ते वासरू गोठ्यात ठेवलंच नाही. परसात, चुलीच्या उबेला, गोणपाटावर झोपवलं. आधी बाटलीने दूध पाजलं, मग हात बुडवून बोटं चोखायला देत पातेल्यातून प्यायला शिकवलं. ते वासरू त्यांच्या पदराला धरून फिरायचं. त्या विहिरीवर गेल्या की विहिरीवर, निंदायला गेल्या की बांधावर. मी लग्न होऊन आले तेव्हा तांबडी चांगली कालवड झाली होती, तरी स्वयंपाकघराच्या दारात मान घालून उभी राहायची. माझं माहेर सटाण्याकडचं. माझी आई फोनवर सगळ्यांची विचारपूस झाल्यावर शेवटी विचारायचीच, "आन् तांबडी कशी शे?"

सासूबाई आजारी पडून गेल्या आणि तांबडी अण्णांची झाली. शेडमधला दाराजवळचा पहिला खुंटा तिचा. वैरणीची पहिली पाटी तिच्यापुढे. शेजारच्या खुंट्यावर मोठी काळी होती, अंगाने तांबडीच्या दीडपट, पण तांबडीने शिंगं हलवली की काळी मान मागे घ्यायची. आम्हाला वाटायचं, गोठ्यात हिचाच दरारा आहे. अण्णा तिला मालकीण म्हणायचे. "मालकिणीला आधी टाका, नायतर रुसंल," असं ते मला रोज म्हणायचे, आणि मीही टाकायचे.

दावी सोडायचा दिवस अण्णांनी सणासारखा केला. गाई धुतल्या, हळदीकुंकू लावलं. मग ते एकेकीजवळ जाऊन स्वतःच्या हाताने गाठ सोडत गेले. गंमत अशी, की सोडल्यावरही गाई हलल्याच नाहीत. दावं असल्यासारख्या आपापल्या खुंट्यापाशी उभ्या राहिल्या. शेवटी एका तरुण गाईने पाय पुढे टाकला, बाहेर उन्हात आली, आणि तिने शेपूट वर करून जी धाव घेतली, तिच्यामागे सगळ्या उधळल्या. अंग कुंपणाला घासत, उड्या मारत, हंबरत. अण्णा फाटकाला धरून हसत होते आणि उपरण्याने डोळे पुसत होते. मला वाटतं, त्या गोठ्यातला तो त्यांचा शेवटचा आनंदाचा तास.

मग झुंजी सुरू झाल्या. दोघी समोरासमोर यायच्या, कपाळाला कपाळ लावायच्या आणि सगळ्या अंगाचा जोर लावून एकमेकींना रेटायच्या. जिचे पाय मागे सरकले ती बाजूला पळायची, आणि जिंकलेली पुढचीकडे वळायची. वर्षानुवर्षं शेजारी शेजारी बांधलेल्या गाई, पण जणू एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या. नवरा घाबरला. त्याने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मध्ये पडू नका. कोण वर, कोण खाली, हे त्यांना ठरवावंच लागतं. एकदा ठरलं की शांत होतील."

तांबडी या सगळ्यात नव्हतीच. ती कुंपणाजवळ, अण्णांच्या पुढ्यात, पाइपावरून मान बाहेर काढून उभी होती. अण्णा तिचं कपाळ खाजवत होते. तेवढ्यात मोठी काळी मागून आली आणि तिने तांबडीच्या बरगडीत डोकं घातलं. तांबडी कुंपणावर आदळली. शिंगं तिला होती, काळीची लहानपणीच जाळून टाकलेली. तिने नुसतं वळून शिंगं रोखली असती तरी काही झालं असतं. पण ती वळलीच नाही. तिने अण्णांकडे बघितलं. आता तूच काहीतरी कर, अशा नजरेने. अण्णा "हेऽ हेऽ" करत हात उगारत राहिले आणि काळीने तिला दुसरी धडक दिली.

हे बाकीच्यांनी पाहिलं असावं. त्या दिवशी एकेक गाय येऊन तिला हाणून गेली. संध्याकाळपर्यंत नुकत्याच पहिल्यांदा व्यालेल्या पोरीसुद्धा.

तीन-चार दिवसांत झुंजी थांबल्या. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. नवरा खूश झाला. गाई सावलीत रवंथ करत बसायच्या, ब्रशला मान घासायच्या, अंगं तुकतुकीत दिसायला लागली, दूधही वाढलं. पण दोन्ही वेळा गव्हाणीत मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, टाकायचं काम माझं होतं आणि मला दिसत होतं ते कुणाला दिसत नव्हतं.

गव्हाणीच्या फाटकाकडच्या टोकाला मुरघास आधी पडायचा. ती जागा काळीची. ती आली की आधी आलेल्या गाई आपोआप सरकायच्या. तिला धडक मारावी लागत नव्हती, मान थोडी वळवली तरी पुरे. तिच्यानंतर पांढरी, मग पुढची, अशी रांग. अगदी सरळ रांग होती असंही नाही. बांडी म्हणून एक ठिपक्यांची गाय होती. ती एका काटक्या पोरीला मारायची. काळी बांडीला मारायची. पण काळी त्या काटक्या पोरीच्या वाटेला कधी जायची नाही, उलट ती आली की स्वतः बाजूला व्हायची. का, ते मला अजून कळलेलं नाही. आणि दूध काढायला शेडकडे निघताना पुढे व्हायची ती एक वयस्क शांत गाय. तिच्या मागे सगळ्या, काळीसुद्धा, निमूट चालायच्या. पण खायच्या वेळी त्या गाईला मधलीच कुठलीतरी जागा मिळायची. वाट दाखवणारी वेगळी आणि जिच्यापुढे सगळ्या मागे सरतात ती वेगळी, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

तांबडी या रांगेच्या शेवटी होती. खरं तर रांगेच्या बाहेरच. सगळ्या खात असताना ती लांब, उन्हात, कुंपणाकडे पाठ करून उभी असायची. सगळ्यांचं झालं, सगळ्या बसल्या, की हळूच येऊन उरलेली धाटं चघळायची. तेवढ्यात एखादी उठली तरी ती लगेच मागे व्हायची. आता तिला कुणी मारत नव्हतं, कारण मारण्याइतकी ती कुणाच्या जवळच येत नव्हती. त्यालाच आम्ही शांतता म्हणत होतो. तिची कमरेची हाडं वर आली, कातडी सैल पडली.

मी अण्णांना सांगितलं. त्यांनी ते आधीच बघितलं होतं, पण बोलत नव्हते.

"वेगळं टाकू तिला," ते म्हणाले.

आम्ही दुसऱ्या टोकाला घमेलं ठेवलं. काळी तिथे आली. आम्ही दोन घमेली ठेवली. दुसऱ्यावर बांडी आली. तांबडीच्या सर्वांत जास्त मागे लागायची ती बांडीच. रांगेत तांबडीच्या लगेच वर तीच होती, आणि ती काटकी पोर सोडली तर तिला स्वतःला वरच्या सगळ्यांचा मार होता. काळी एक धडक देऊन निघून जायची. बांडी मात्र पाठलाग करायची.

शेवटी अण्णा काठी घेऊन स्वतः उभे राहायला लागले. ते असेपर्यंत तांबडी खायची, पटापट, घास न चावता. उन्हात छत्री धरून ते तासन् तास उभे असायचे. त्यांचे गुडघे आधीच गेलेले. आणि ते घराकडे वळले रे वळले, की मागे धप्प आवाज यायचा. ते वळून बघायचे नाहीत. नुसते थांबायचे आणि मग चालायला लागायचे.

"अण्णा, असं किती दिवस उभं राहाल?" एकदा नवऱ्याने विचारलं.

"तू नगं सांगू मला," ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

डॉक्टर आले ते तिचा खूर बघायला. फार वेळ उभी राहून राहून तिचा मागचा खूर दुखावला होता. औषध लावता लावता त्यांनी सहज विचारलं, "ही विकत घेतलेली का घरचीच?"

अण्णांनी अभिमानाने सगळं सांगितलं. आई गेलेली, परसात वाढवली, बाटली, गोणपाट, पदराला धरून फिरणं.

"मग बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "वासरं एकत्र वाढतात ना, तेव्हाच त्यांच्यात रेटारेटी चालते. कधी अडायचं, कधी सोडायचं, समोरची मान कशी धरते, हे सगळं त्यात शिकतात. ही माणसांत वाढली. तिला गाईंची भाषाच येत नाही. दावं होतं तोवर झाकलेलं राहिलं."

अण्णा तांबडीच्या गळ्याखाली खाजवत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी तिनं जीव लावला, ते चुकलं म्हणायचं?"

डॉक्टर गडबडले. "तसं नाही हो अण्णा. वाचवलं त्यांनी तिला. त्याशिवाय ती जगलीच नसती."

"नाय, तुमी बराबर बोलला," अण्णा म्हणाले आणि उठून घरात गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला त्या डॉक्टरांचा राग आला आणि राग येण्यासारखं ते काही खोटं बोलले नव्हते, याचा जास्त त्रास झाला.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही तिला लहान कालवडींच्या कप्प्यात ठेवून पाहिलं. पहिले काही दिवस बरे गेले. मला तर आशा वाटायला लागली. मग एक दिवस एका कालवडीने खेळता खेळता तिला ढुशी दिली आणि तांबडी मागे सरकली. ती कालवड क्षणभर थांबली. तिलाही ते नवीन असावं. तिने पुन्हा ढुशी दिली. आठवड्याभरात त्या कप्प्यातही तांबडी कोपऱ्यात उभी होती, आणि ज्यांची शिंगं जाळल्याच्या खुणासुद्धा अजून बुजल्या नव्हत्या, त्या कालवडी तिचं खात होत्या.

मग नवऱ्याने तिला घरामागे एकटीला बांधलं. पुढ्यात भरपूर हिरवा मका, पाणी, सावली. तिने तोंड लावलं नाही. ती हंबरायला लागली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, गोठ्याच्या दिशेने मान करून, घसा बसेपर्यंत. दाव्याभोवती गोल गोल फिरून तिची मान सोलवटली. मला ते ऐकवेना. मी जाऊन गाठ सोडली, तर ती तरातरा चालत गोठ्याच्या फाटकाशी गेली आणि पाइपाला कपाळ टेकवून उभी राहिली. पलीकडून बांडी आली. तिने पाइपावर डोकं आपटलं. तांबडी दचकली, दोन पावलं मागे आली, आणि परत जाऊन तिथेच उभी राहिली.

मी तिथे मातीत बसले आणि रडले. ज्या मारत होत्या त्यांच्याशिवाय तिला राहवत नव्हतं, आणि त्यांच्यात ती जगू शकत नव्हती. मधली जागा नव्हतीच कुठे.

त्या दिवसांत मला माणसांत जाणंही नकोसं झालं होतं. गावात हळदीकुंकवाला गेले तर कोण कुठे बसतंय, कुणासाठी कोण सरकतंय, एवढंच दिसायचं. कुणी शेवटी दाराशी चपलांजवळ बसलेलं असलं की माझा जीव घाबरा व्हायचा. एरवी हे मला कधी दिसलं नव्हतं. मी लवकर उठून घरी यायचे.

गोशाळेचं नवऱ्याच्या मनात आलं. नाशिकच्या पलीकडे एक मोठी गोशाळा होती. त्याने फोन करून विचारलं, ते हो म्हणाले. दोन दिवसांनी अण्णा म्हणाले, "चला, बघू तरी."

आम्ही टेम्पोत उसाचं पाचट अंथरलं आणि तांबडीला चढवलं. अण्णा मागे तिच्याजवळच बसले. मी आणि नवरा पुढे. नाशकात द्वारका चौकात गाड्या तुंबल्या होत्या, हॉर्न वाजत होते. मागे वळून बघितलं तर तांबडी शांत उभी होती, अण्णांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून. किती तरी दिवसांनी ती अशी दिसत होती.

माझी नणंद इंदिरानगरला राहते. तिने फोन करून सांगितलं होतं, आईची गाय मला दाखवल्याशिवाय न्यायची नाही. तिच्या सोसायटीच्या फाटकासमोर टेम्पो उभा केला. ती भाकरी आणि गूळ घेऊन धावत खाली आली. तांबडीने तिच्या हातातून भाकरी खाल्ली. सोसायटीतल्या बायका गॅलरीतून बघत होत्या, दोन मुलींनी येऊन फोटो काढले. नणंदेने गाईचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"किती वाळली ही! अण्णा, तुम्ही हिला खायला देत नाही का?"

अण्णा टेम्पोतलं पाचट सारखं करू लागले. मीच म्हणाले, "देतो हो ताई. तिला खाऊ देत नाहीत."

"कोण?"

"गाई."

तिला ते समजलं नाही. कुणालाच एका वाक्यात समजण्यासारखं ते नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले आणि आम्ही निघालो.

गोशाळा स्वच्छ होती. तिथली माणसंही चांगली होती. मोठ्या आवारात गाईच गाई. वैरणीची गाडी आली तशी सगळी गर्दी गव्हाणीकडे लोटली. अण्णा मात्र गव्हाणीकडे बघत नव्हते. ते मागच्या भिंतीकडे बघत होते. तिथे भिंतीला लागून काही गाई एका ओळीत उभ्या होत्या. वैरण आली तरी त्यांच्यातली एकही हलली नव्हती.

"त्या का नाय जात?" अण्णांनी विचारलं.

तिथला माणूस म्हणाला, "त्यांचा नंबर नंतर येतो, बाबा. आम्ही टाकतो त्यांना वेगळं, पण किती जणींना पुरे पडणार? नवीन गाईला सुरुवातीला जरा जड जातं. काही टिकतात."

"आन् काही?"

तो माणूस खोटं बोलला नाही. त्याने नुसती मान खाली घातली.

अण्णा टेम्पोपाशी आले, तांबडीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "वळव गाडी." 

घरी आल्यावर तिला कुठे सोडायचं हा प्रश्न होताच. ती टेम्पोतून उतरली आणि आपल्या पायांनी गोठ्याच्या फाटकाशी गेली. अण्णांनी फाटक उघडलं.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका दुपारी उन्हाच्या तडाख्यात सगळ्या सावलीत बसल्या आहेत असं बघून तांबडी टाकीवर पाणी प्यायला गेली. बांडीही त्याच वेळी उठली. मी शेडमध्ये होते, मला फक्त आवाज आला. टाकीजवळचा कोबा ओला होता. तांबडी वळायला गेली आणि तिचे मागचे दोन्ही पाय फाकले. मी पोचले तेव्हा ती बसल्यासारखी दिसत होती, पण पाय भलतीकडेच गेले होते.

डॉक्टरांनी खुब्यावर हात फिरवला आणि अण्णांकडे न बघता माझ्या नवऱ्याशी हळू बोलले. तरी आम्ही प्रयत्न केले. लाकडांची घोडी उभारली, पट्टे लावून चेनपुलीने तिला उचललं. ती लोंबकळत राहायची, पाय जमिनीला टेकायचे नाहीत. खाली पाचटाचा जाड थर घातला, कूस बदलत राहिलो, गूळपाणी पाजलं. अण्णा तिथेच बाज टाकून बसून होते.

एक गोष्ट मला अजून छळते. ती पडल्यापासून एकाही गाईने तिला मारलं नाही. त्या एकेक करून यायच्या, तिला हुंगायच्या. मोठी काळी आली आणि बराच वेळ तिची मान चाटत राहिली. तांबडी डोळे मिटून ते चाटून घेत होती.

"आता चाटत्यात," अण्णा म्हणाले. तेवढंच.

ती एका सकाळी गेली. जेसीबी बोलावून शेताच्या कोपऱ्यात खड्डा घेतला, मीठ टाकलं. सासूबाईंचं जुनं लुगडं अण्णांनी तिच्यावर घातलं. मला वाटलं, निदान आता हे संपलं.

त्याच संध्याकाळी मी गव्हाणीत मुरघास टाकला. गाई आपापल्या जागी आल्या. बांडी नेहमीच्या जागेवर यायला लागली, तेवढ्यात तिच्या वरच्या गाईने तिला हुसकलं. बांडी पुन्हा आली, पुन्हा हुसकली गेली. तिसऱ्यांदा ती आली नाही. लांब जाऊन उन्हात उभी राहिली. तांबडीला तिने इतकं मारलं होतं, की मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. बांडी तेव्हा गाभण होती.

अण्णांनी नवऱ्याला सांगितलं, "परत बांध सगळ्या. खुंटे हायेत अजून."

नवरा म्हणाला, "अण्णा, दूध वाढलंय. आजार कमी झालेत. नऊजणी सुखात आहेत. एकीसाठी सगळ्यांना बांधू?"

"एकीसाठी नाय रे. एक गेली की दुसरी हाये."

"मग बांधल्यावर काय होणार? मनातून तर तसंच राहणार ना त्यांचं?"

अण्णा उठून ओट्यावर जाऊन बसले. नवऱ्याने गव्हाण लांब केली, दुसरी टाकी बांधली. त्याने थोडा फरक पडला, हे खरं. बांडी जगली. पण ती वेळेआधीच व्याली आणि वासरू राहिलं नाही. नंतर नवऱ्याने तिला एका व्यापाऱ्याला देऊन टाकलं. तिच्या जागी आता ती वाट दाखवणारी वयस्क गाय लांब उभी असते. दूध काढायच्या वेळी अजूनही सगळ्या तिच्या मागे चालतात.

आमचा गोठा चांगला चालतो. तालुक्यातून, कधी पार सटाण्याकडूनही लोक बघायला येतात, फोटो काढतात, गाई किती मोकळ्या आणि आनंदी आहेत म्हणतात. मग ओट्यावर बसलेल्या अण्णांना विचारतात, "अण्णा, कल्पना तुमचीच म्हणे. फायदा झाला ना?"

"झाला," अण्णा म्हणतात.

ते स्वतः गोठ्यात पाऊल टाकत नाहीत. बरेच महिने ते संध्याकाळी मी हात धुऊन आले की ओट्यावरून एकच विचारायचे, "आज लांब कोण उभी हुती?" मी आधी खरं सांगायचे. ऐकून ते मान हलवायचे आणि रात्री ताटात अन्न तसंच राहायचं. मग मी म्हणायला लागले, "कुणी नाही अण्णा. सगळ्या नीट खातात."

पहिल्यांदा असं म्हणाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं आहे हे त्यांना समजलं होतं. ते भिंतीचा आधार घेत उठले आणि आत जाऊन दिवा न लावता पडून राहिले. आता ते विचारतही नाहीत. आणि मी रोज दोन्ही वेळा मुरघास टाकते आणि शक्यतो त्या बाजूला बघत नाही.